सोळा महिन्यांची एर्टिगा: घ्यावी का, आणि घेतलीच तर कितीला?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. घरात आम्ही सहा माणसं: आई-बाबा, आम्ही दोघं आणि ९ व ४ वर्षांची दोन मुलं. राहायला जुळे सोलापुरात. सध्याच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत. महिन्याला ८०० किलोमीटरच्या आसपास फिरणं होतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला बहिणीकडे. मेव्हण्यांच्या ओळखीत पुण्याची एक एर्टिगा आहे. व्हीएक्सआय प्रकारातली, कंपनीची सीएनजी, एमएच-१२, नोंदणी ऑक्टोबर २०२४ची, ३१ हजार किलोमीटर, पहिलाच मालक, बँकेचं कर्ज चालू. मालक म्हणतात, "मला १२ लाख ८५ हजारांना पडली, ओळखीत ११ लाख २० हजारांना देतो." सोलापूरच्या शोरूमचं नव्या गाडीचं कोटेशन ऑन-रोड १२ लाख ४० हजार आहे, त्यात एक्स-शोरूम १० लाख ८० हजार. मला ६ लाख कर्ज काढावं लागेल, पाच वर्षांसाठी. नव्या गाडीला ९ टक्के आणि जुनीला १३ टक्के व्याज सांगितलंय. बाबा म्हणतात नवीच घे. शिवाय ओळखीतल्या माणसाला "गाडी तपासू द्या" म्हणायलाही संकोच वाटतो. काय करावं?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

नमस्कार.

११ लाख २० हजारांना ही गाडी घेऊ नका. तपासणीत अगदी चांगली निघाली तरीही नको. १० लाख २५ हजारांपर्यंत खाली आली तर मात्र जरूर विचार करा, आणि तेव्हाच तपासणीच्या मागे लागा. आधी पैशाचा हिशेब मांडू, कारण तुमच्या पत्रातले सगळे आकडे विकणाऱ्याच्या सोयीने मांडलेले आहेत.

मालकाला गाडी १२ लाख ८५ हजारांना पडली याच्याशी तुमचा काही संबंध नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एर्टिगासारख्या चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर १७ टक्के उपकर असा ४५ टक्के कर होता, तो सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे त्यांनी जो जास्तीचा कर भरला, त्यातला काही भाग तुमच्याकडून वसूल होऊ पाहतोय. तुमची तुलना फक्त आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी. तशी केली तर १ लाख ६५ हजारांची दिसणारी बचत १ लाख २० हजारांवर येते.

आता कर्ज. ६ लाख रुपये, ६० हप्ते. ९ टक्क्यांनी हप्ता बसतो १२,४५५ रुपये, १३ टक्क्यांनी १३,६५२. महिन्याला बाराशे रुपयांचा फरक, पाच वर्षांत सुमारे ७२ हजारांचा. उरले ४८ हजार. एवढ्यासाठी तुम्ही तीन वर्षांच्या वॉरंटीतले सोळा महिने सोडणार, अर्धे झिजलेले टायर घेणार आणि ३१ हजार किलोमीटर कुणी कसे चालवलेत ते न कळलेला क्लच घेणार. हा सौदा बसत नाही.

विम्याच्या बाजूनेही बघा. एक ते दोन वर्षं वयाच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, आजच्या एक्स-शोरूम किमतीतून २० टक्के वजा करून धरतात. १० लाख ८० हजारांचे झाले ८ लाख ६४ हजार. उद्या गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी याच आकड्याच्या आसपास पैसे देईल. तुम्ही दिलेल्या ११ लाख २० हजारांतले अडीच लाखांहून जास्त तिथेच बुडाले. घासाघीस करताना त्यांची चालू पॉलिसी मागून घ्या आणि आयडीव्हीवर बोट ठेवून बोला. भाव ९ लाख ७५ हजारांपासून सुरू करा. पूर्ण पैसे रोख जवळ असते, तर १० लाख ५० हजारांपर्यंत जायला हरकत नव्हती, कारण व्याजातला फरक तुम्हाला लागला नसता.

बाबांच्या म्हणण्याला आणखी एक वजनदार कारण आहे. ते पैशांचं नाही. त्या काळातल्या व्हीएक्सआयला पुढच्या दोनच एअरबॅग यायच्या. २०२५ पासून कंपनीने एर्टिगाच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०२४मध्ये भारतात बनलेल्या, दोन एअरबॅगच्या एर्टिगाची धडक चाचणी घेतली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी एकच तारा मिळाला होता. जास्तीच्या एअरबॅगमुळे गाडीचा सांगाडा बदलत नाही, पण बाजूने धडक बसली तर डोकं आणि छाती वाचायला त्यांचा उपयोग होतोच. पुणे महामार्गावर सहा माणसं घेऊन जाणाऱ्या घराने हा फरक किमतीत धरलाच पाहिजे.

सहा माणसं, सामान आणि सिलिंडर

इंडिगो मरिना, बलेनो अल्टुरा अशा लांब डिकीच्या स्टेशन वॅगन आपल्याकडे आल्या आणि गेल्या. ते काम आता सात आसनी गाड्या करतात. पण सातही आसनं वर असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटरचीच असते, आणि सीएनजी गाडीत त्याच जागेत ६० लिटरचा सिलिंडर आडवा बसलेला असतो. मग तिसऱ्या रांगेत दोघं बसले की मागे दोन-तीन मऊ पिशव्या कशाबशा मावतात.

तुमच्याकडे सहाच माणसं आहेत, त्यामुळे वाट निघते. तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते. पुढे दोघं, मधे तिघं, मागे एका बाजूला ९ वर्षांचं मूल आणि दुसरी बाजू दुमडून तिथे दोन बॅगा. चार वर्षांच्या मुलाची सीट मधल्या रांगेत आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट अडकवायच्या) कड्यांना अडकवा, मांडीवर घेऊन बसू नका. एक अडचण मात्र राहते. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट पुढे सरकवावी लागते, आणि चाइल्ड सीट लावलेली बाजू सरकवता येत नाही. म्हणून चाइल्ड सीट एका बाजूला आणि मागे जायची वाट दुसऱ्या बाजूने ठेवा. ट्रायलला जाताना सगळ्यांना घेऊन जा, चाइल्ड सीटसकट. शोरूमसमोर एकट्याने मारलेल्या फेरीत यातलं काहीच कळत नाही.

सीएनजी तुम्हाला परवडतं का? रोजच्या वापरात पेट्रोलवर लिटरला १५ आणि सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर धरा. ८०० किलोमीटरला ५३ लिटर पेट्रोल किंवा साधारण ३६ किलो गॅस लागतो. पेट्रोल १०५ आणि गॅस ९२ रुपये धरला तर महिन्याला सव्वादोन हजार वाचतात. आपल्या पंपावरचे आजचे भाव घालून पुन्हा करून बघा. नव्या गाडीत सीएनजीसाठी नव्वद हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागतात, ते वसूल व्हायला सव्वातीन वर्षं लागतील. गाडी सात-आठ वर्षं वापरायची असेल तर सीएनजी घ्या. पण दर फेरीला आई-बाबांसोबत भरपूर सामान असतं, असं असेल तर पेट्रोल गाडीच सोयीची. एका भरण्यात सीएनजी गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे पुण्याच्या वाटेवर एकदा गॅसच्या रांगेत थांबणं आलंच. ताकदही थोडी कमी पडते. पेट्रोलवर सुमारे १०१ अश्वशक्ती, तर सीएनजीवर ८८. तुळजापूरच्या घाटात भरल्या गाडीत एसी चालू असेल तर खुशाल पेट्रोलवर घ्या.

संकोचाबद्दल

भीड ही भिकेची बहीण. दहा लाखांचा व्यवहार आहे आणि मेव्हणे मध्ये आहेत, म्हणून तर तपासणी जास्त काटेकोर हवी. उद्या काही निघालं तर गाडीसोबत नातंही बिघडेल. सरळ म्हणा, "बँक तपासणीचा रिपोर्ट मागते." जुन्या गाडीच्या कर्जाला बँक मूल्यांकन करून घेतेच, तेव्हा यात खोटं काही नाही. चांगली गाडी असलेला माणूस याला नाही म्हणत नाही.

गाडी बघण्याआधी कागद

सगळ्यात आधी सर्व्हिस हिस्टरी. मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरावरून ती निघते. मालकाला सोबत घ्या किंवा त्यांच्याकडून मागवा. १ हजार, ५ हजार, १० हजार, २० हजार आणि ३० हजार अशा पाच नोंदी दिसायला हव्यात. प्रत्येक नोंदीसमोरची तारीख आणि किलोमीटर चढत्या क्रमाने जातायत का ते बघा. १० हजारांनंतर एकदम ३० हजार असेल तर मधली सर्व्हिस चुकलीय किंवा बाहेर झालीय, आणि वॉरंटीचा क्लेम करताना नेमकं तेच आडवं येतं. जुलै २०२४ पासून मारुतीची वॉरंटी तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर अशी आहे आणि ती गाडीसोबत नव्या मालकाकडे जाते. या गाडीची ऑक्टोबर २०२७पर्यंत उरते, पण सर्व्हिस वेळच्या वेळी झाल्या असतील तरच तिच्या भरवशावर राहा.

मग पॉलिसी. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा असतो, तो २०२७पर्यंत चालेल. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचाच, म्हणजे ऑक्टोबर २०२५मध्ये त्याचं नूतनीकरण झालेलं असणार. त्या दुसऱ्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा रकाना बघा. पहिल्या वर्षी क्लेम झाला नसेल तर तिथे निदान २० टक्के दिसतात. शून्य दिसलं तर पहिल्या वर्षात क्लेम घेतलाय किंवा पॉलिसी मध्ये बंद पडली होती. "बंपरला जरासं घासलं होतं" यावर थांबू नका, क्लेमची रक्कम विचारा. हा एक रकाना तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा जास्त खरं बोलतो.

तिसरी गोष्ट फारसं कुणी मागत नाही: फास्टॅगचं वर्षभराचं स्टेटमेंट. सोळा महिन्यांत ३१ हजार म्हणजे दिवसाला ६५ किलोमीटर. लांब ऑफिस असलेल्या माणसाचे एवढे सहज होतात. पण पांढऱ्या पाटीच्या एर्टिगा चोरून भाड्यानेही फिरतात, आणि टोलच्या नोंदीत दर शनिवार-रविवारी शिर्डी, महाबळेश्वर, गोवा दिसायला लागलं की घरच्या वापराची गोष्ट तिथेच संपते. याउलट स्टेटमेंटमध्ये भरमसाट लांबचे प्रवास आणि मीटरवर फक्त ३१ हजार, असं दिसलं तर मीटर मागे घेतल्याचा संशय धरा.

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर मालकाचा क्रमांक, कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि इंधन बघा. इंधनासमोर पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं हवं. ई-चलन किती थकलीत तेही त्याच बैठकीत तपासा.

तपासणीचा दिवस

गाडी आदल्या संध्याकाळीच सोलापुरात मागवून रात्रभर उभी ठेवा. सकाळी तुम्ही पोचेपर्यंत ती कुणी सुरू करायची नाही. बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या.

सीएनजी गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जाते. सुरू व्हायला स्टार्टर तीन-चार सेकंद फिरवावा लागला, तर पेट्रोल पंपावर संशय घ्या. पैसे वाचवायला लोक टाकीत कायम थेंबभर पेट्रोल ठेवतात. पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो. कोरडा चालून चालून तो जळतो. टाकीचा काटा कुठे आहे ते आधी बघा. मग चालत्या गाडीत स्विच गॅसवरून पेट्रोलवर आणि परत गॅसवर करा. बदलताना धक्का बसला किंवा आयडलिंगला इंजिन थरथरलं, तर स्पार्क प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघावे लागतील. गॅसवर स्पार्क प्लग लवकर झिजतात, त्यामुळे ३० हजारांच्या सर्व्हिसला ते बघितले होते का, ते बिलात शोधा. सिलिंडरवरच्या पट्टीवर चाचणीची तारीख असते. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते आणि सिलिंडर गाडीच्या नोंदणीआधी बनलेला असतो, म्हणजे २०२७च्या मध्याला हा खर्च तुमच्या वाट्याला येईल.

मग बॉडी. पेंटची जाडी मोजणारं यंत्र वर्कशॉपमध्ये असतं, न मिळाल्यास ऑनलाइन दोन-तीन हजारांत येतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २००च्या वर गेला तर पत्रा पुन्हा रंगवलाय, ४००-५००च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. एखादा दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला असेल तर फक्त भाव कमी करा. शहरात असं होतंच. छत, दरवाजांमधले पिलर आणि डिकीचा तळ यांच्यावर मात्र फॅक्टरीबाहेरचा रंग दिसला, तर चहा घ्या आणि सौदा न करता घरी या. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यांवर पाना लागल्याचे ओरखडे आहेत का बघा. डिकीतली चटई उचला: तिथले स्पॉट वेल्डचे गोल ठसे सारख्या अंतरावर आणि स्वच्छ असायला हवेत. काचांवरचे कंपनीचे शिक्के सगळीकडे एकच आहेत ना? एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर तो काढून टाकलेला असू शकतो, आणि अपघातात एअरबॅग उघडून गेल्याचा संशय धरा.

टायरवर चार आकडी तारीख असते; ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. पाचही टायर त्याच सुमाराचे हवेत. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, ३१ हजारांवर ती चारच्या आसपास उरावी. दोनवर आली असेल, सीटबेल्टची कड पिसारलेली असेल, पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि मधल्या रांगेची सीट बसलेली असेल, तर मीटर काहीही सांगो, गाडी खूप जास्त पळालीय.

पुराचं पाणीही तपासा. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीच्या पुरात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरच पाणी आलं होतं, आणि पुण्याच्या सोसायट्यांच्या तळघरांत दर पावसाळ्यात पाणी शिरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; बाहेर कधीच न येणाऱ्या त्या भागावर मातीची रेघ उरते. सीटचे रूळ गंजलेत का, डिकीच्या चटईखाली गाळ आहे का, फ्यूजबॉक्सच्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा. यातलं काहीही सापडलं तर भावाची बोलणीच नको. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने त्रास द्यायला लागतं.

ट्रायल तुळजापूरपर्यंत घ्या. सपाटीला तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर येऊन ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग नाही वाढला तर क्लच घसरतोय. घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला नको. खराब रस्त्यावर काचा खाली करून, एसी बंद ठेवून ऐका. पुढून खटखट आली तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं बुश झिजलंय. परत येताना दुपारचं ऊन असू द्या आणि मधल्या रांगेच्या छतावरचा ब्लोअर सगळ्या वेगांवर चालवून बघा. सोलापूरच्या मे महिन्यात मागे बसणाऱ्यांचा जीव त्यावरच असतो. शेवटी अधिकृत वर्कशॉपमध्ये रॅम्पवर चढवून खालून बघा आणि स्कॅनर लावून घ्या.

पैसे देताना

इसार म्हणून दहा हजारांहून जास्त देऊ नका, आणि पावतीवर "तपासणीत किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास रक्कम परत" हे लिहून घ्या. कर्ज चालू आहे, म्हणून त्यांच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज आजच फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र मागवा. तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा, उरलेली मालकाच्या खात्यात. रोखीने २ लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्यात बसत नाही, ओळख असली तरी. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) हातात येईपर्यंत निदान पन्नास हजार राखून ठेवा, आणि हे आधीच बोलून घ्या.

गाडी नावावर करायला फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतात, आणि तुमच्या नव्या कर्जाच्या नोंदीसाठी फॉर्म ३४. गाडी महाराष्ट्रातलीच आहे, त्यामुळे नंबर एमएच-१२च राहील आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागणार नाही. विजयपूर किंवा कलबुर्गीची, केए पाटीची गाडी स्वस्त दिसते ती याच फरकामुळे. तिथली एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर धरला की स्वस्ताई उरत नाही. गाडी नावावर करण्याचा अर्ज तुम्ही ३० दिवसांत द्यायचा आणि विमा बदलण्याचा १४ दिवसांत. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, म्हणून पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीचा फरक तुम्हाला भरावा लागेल. तो दोन-चार हजारांचा असेल, सौद्यात धरून ठेवा.

ताबा घेताना दोन्ही चाव्या, जॅक, पाना आणि सर्व्हिस बुक मोजून घ्या. त्यांचा फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा आणि तुमचा नवा काढा. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा, "सकाळी ११.४०" अशी, आणि मीटरचं रीडिंग टाकून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.